मेमरी चिपला बोलतं कसं करावं?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं यंत्र मी घरीच जुळवलं. त्यात अर्डुइनो उनो आहे, २४एलसी२५६ ही मेमरी चिप आहे आणि त्याच दोन तारांवर आर्द्रतेचा सेन्सर आहे. घरी टेबलावर आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग यंत्र बागेत नेलं, सेन्सर तीन मीटर केबलवर मांडवात टांगला. सकाळी पाहतो तर नोंदींच्या जागी नुसते २५५. अधूनमधून यंत्र अडकूनही बसतं. थंडीनं चिप गेली का? की दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला?

उत्तर : तुम्ही दोन आरोपी उभे केलेत, थंडी आणि दुकानदार. दोघांनाही आधी सोडून देऊ, म्हणजे खऱ्या कारणाकडे वळता येईल.

निफाडची थंडी कडक असते हे खरंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात चार-पाच अंशांवर उतरला की त्याची बातमी होते. पण ही चिप उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्यासाठी बनवलेली असते. चार अंशांची तिला दखलही नसते. थंडीचा परिणाम होतो तो बॅटरीवर, आणि पहाटेच्या दवामुळे पेटीच्या आतल्या भागावर. त्याकडे पुढे येऊच. दुकानदाराचं म्हणाल, तर बाजारात नकली चिपा असतात, नाही असं नाही. पण नकली चिप आठवडाभर टेबलावर इमानेइतबारे चालून नेमकी बागेतच रुसावी, हे पटत नाही. जागा बदलल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर जागेबरोबर आणखी काय बदललं ते आधी पाहावं.

त्याआधी हे २५५ म्हणजे काय, ते समजून घेऊ. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. २५५ दिसलं की ‘मेमरीत कचरा भरला’ असं वाटतं. खरं तर ते तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. पहिली वाट अशी की चिपच्या कोऱ्या घरात सगळे आठ बिट १ असतात आणि आठ एकांचा आकडा होतो २५५. म्हणजे चिप ठीक आहे, तिथे काही लिहिलंच गेलेलं नाही. दुसरी वाट म्हणजे चिपनं उत्तरच दिलं नाही. उत्तर आलेलं नसताना अर्डुइनोची वायर लायब्ररी वाचायला गेलं की उणे १ देते, आणि ते एका बाइटच्या जागेत ठेवलं की २५५ होतं. तिसरी वाट तर गमतीची आहे. या चिपांसाठी वर्षानुवर्षं फिरणाऱ्या एका नमुना प्रोग्रॅममध्ये वाचनाचा आकडा सुरुवातीलाच २५५ ठेवलेला असतो. वाचन फसलं तर तोच आकडा जसाच्या तसा तुमच्या हाती येतो. तेव्हा तुमच्या वहीतले २५५ चिपकडून आलेच असतील असं नाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय वाचलं?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे ‘चिपनं उत्तर दिलं का?’ याची सोय दोन तारांवरून बोलण्याच्या या पद्धतीतच आहे. उनोवरचा मायक्रोकंट्रोलर दर ठोक्याला (क्लॉकला) एक असे आठ बिट पाठवतो आणि नवव्या ठोक्याला डेटाची तार सोडून देतो. ज्या चिपचा पत्ता पुकारला गेला, तिनं त्या ठोक्याला तार खाली ओढायची असते. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, तसंच हे. तार खाली आली तर चिप हजर आहे. वरच राहिली तर तिथे कोणी नाही, किंवा जी आहे तिला ऐकूच गेलेलं नाही.

ही हजेरी वायर लायब्ररी तुम्हाला सांगत असते, आपण ती विचारत नाही एवढंच. एंडट्रान्समिशन या आज्ञेतून एक आकडा परत येतो. ० आला तर सगळं पोहोचलं. २ आला तर पत्त्यालाच उत्तर मिळालं नाही. ३ आला तर पत्त्याला उत्तर मिळालं, पण पुढच्या डेटाला नाही. हा आकडा दर वेळी सिरियल मॉनिटरवर छापायची सवय लावा. निम्मं निदान तिथेच होतं.

आता तुमचं खरं कोडं पाहू. टेबलावर चालणारं यंत्र बागेत का बिघडलं? दोन तारांवरून बोलण्याच्या या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. फिलिप्स कंपनीनं ती १९८२ साली काढली. टीव्हीसारख्या एकाच उपकरणाच्या आतल्या चिपांनी आपसात बोलावं, एवढाच तिचा हेतू होता. मांडवात केबल टांगायला ती केलेलीच नव्हती. तिच्या दोन्ही तारा, डेटाची एसडीए आणि ठोक्याची एससीएल, कुठलीही चिप फक्त खाली ओढू शकते. वर ढकलायचं काम कोणतीच चिप करत नाही. ते काम तारेपासून पाच व्होल्टपर्यंत जोडलेला एक रेझिस्टर करतो. त्याला पुल-अप म्हणतात.

तुम्ही असे रेझिस्टर लावल्याचं पत्रात कुठे लिहिलेलं नाही, आणि माझा अंदाज आहे की लावलेले नसावेत. तरीही टेबलावर यंत्र चाललं, कारण उनोच्या आत क्षीण पुल-अप असतात आणि वायर लायब्ररी ते परस्पर चालू करते. त्यांची किंमत २० ते ५० किलोओहम. त्या तुलनेत बाहेरून साधारणपणे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावतात. रेझिस्टर जितका मोठा, तितकी तार वर यायला उशीर लागतो. आणि केबल जितकी लांब, तितकी तिची कपॅसिटन्स, म्हणजे वर येण्याआधी भरावी लागणारी विजेची साठवण, जास्त.

हिशेब करून पाहू. ब्रेडबोर्डावर दोन्ही तारांची साठवण ४० पिकोफॅरॅडच्या आसपास असते. आतला पुल-अप ३० किलोओहम धरला, तर तार खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर यायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो. १०० किलोहर्ट्झच्या वेगाला नियम नेमका १ मायक्रोसेकंदाचा आहे. म्हणजे टेबलावरही तुम्ही काठावरच पास होत होता. साध्या केबलची साठवण मीटरमागे ५० ते १०० पिकोफॅरॅड असते. तीन मीटर केबल आणि बाकीचं धरून २५० म्हणू. आता तोच वेळ साडेसहा मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. तार शून्य आणि एक यांच्या मधल्या पट्ट्यात रेंगाळते. तेवढ्यात शेजारच्या मोटरच्या वायरीतून थोडासा गोंगाट आला, की चिप एका ठोक्याचे दोन मोजते. एकदा मोजणी चुकली की नववा ठोका कोणता हे तिला कळत नाही आणि हजेरी चुकते.

यावर उपाय स्वस्त आहे. दोन्ही तारांना प्रत्येकी २.२ किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टला जोडा. वर येण्याचा वेळ अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या खाली येईल. मात्र ‘कमी चांगलं, तर आणखी कमी आणखी चांगलं’ या मोहात पडू नका. तार खाली ओढताना चिपला ३ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह पेलता आला पाहिजे, अशी या पद्धतीची अट आहे. पाच व्होल्टवर दीड किलोओहमच्या खाली गेलात तर ती अट मोडते. तयार मॉड्यूल लावत असाल तर हेही लक्षात ठेवा की बहुतेक मॉड्यूलांवर पुल-अप आधीच बसवलेले असतात. ४.७ किलोओहमचे पाच मॉड्यूल एकाच तारेवर आले की सगळे मिळून एका किलोओहमपेक्षाही कमी होतात.

त्याहून बरा उपाय म्हणजे लांबचा सेन्सर या दोन तारांवर ठेवूच नका. मेमरी चिप पेटीत, मायक्रोकंट्रोलरपासून काही बोटांच्या अंतरावर असू द्या. मांडवातल्या सेन्सरसाठी लांब केबल सोसणारी पद्धत निवडा. नुसतं तापमान हवं असेल तर डीएस१८बी२० हा एका तारेवरचा सेन्सर तीन मीटर सहज पेलतो. आर्द्रताही हवी असेल तर आरएस-४८५वर बोलणारे सेन्सर मिळतात. ते शेतातल्या अंतरांना पुरून उरतात.

आता दवाकडे येऊ. चिपच्या आठ पिनांपैकी पहिल्या तीन तिचा पत्ता ठरवतात आणि सातवी पिन लेखनबंदीची असते. डेटाशीट सांगतं की या पिना ग्राउंडला किंवा सप्लायला जोडलेल्याच हव्यात. पण घरगुती जोडणीत त्या हमखास मोकळ्या सोडल्या जातात. ‘काही जोडलं नाही म्हणजे शून्य’ हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. मोकळी पिन आजूबाजूच्या प्रभावानं शून्यही होते आणि एकही. कोरड्या खोलीत ती नशिबानं शून्य राहते. पहाटे पेटीत दव धरलं, त्यात फवारणीच्या गंधकाची किंवा ताम्रयुक्त औषधाची धूळ बसलेली असली, की दोन पिनांमधून थोडा प्रवाह झिरपतो. मग पत्त्याची पहिली पिन एक झाली तर चिपचा पत्ता (हेक्स पद्धतीत) ५०चा ५१ होतो आणि तुमचा प्रोग्रॅम ५०लाच हाका मारत बसतो.

लेखनबंदीची पिन एक झाली तर गंमत आणखी वाढते. ही चिप तेव्हाही प्रत्येक बाइटला ‘हजर’ म्हणते आणि काही म्हणता काही लिहीत नाही. एंडट्रान्समिशन ० देतं, तुम्ही निर्धास्त होता आणि घरं कोरीच राहतात. म्हणून १, २, ३ आणि ७ या चारही पिना सरळ ग्राउंडला जोडा. वाळलेल्या बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा हात द्या आणि पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. एवढ्यानं दवाचा प्रश्न बराचसा मिटतो.

राहिला प्रश्न यंत्र अडकण्याचा. अशा वेळी काय केल्यावर ते सुधारतं, ते नीट पाहा. रिसेटचं बटण दाबूनही अडकलेलंच राहतं आणि सप्लाय काढून पुन्हा लावला की चालतं, असं होत असेल तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. मायक्रोकंट्रोलर चिपकडून वाचत असतानाच मध्येच रिसेट झाला. पंपाचा स्टार्टर ओढला आणि व्होल्टेज क्षणभर बसलं तरी एवढं होतं. मायक्रोकंट्रोलरनं नव्यानं सुरुवात केली, पण मेमरी चिपला रिसेटची पिनच नसते. तिच्या लेखी वाचन अजून चालूच आहे. ती शून्य बिट देण्याच्या बेतात डेटाची तार खाली धरून पुढच्या ठोक्याची वाट पाहते. मायक्रोकंट्रोलरला तार मोकळी दिसत नाही, म्हणून तो ठोका देत नाही. जुन्या वायर लायब्ररीत प्रोग्रॅम इथेच कायमचा थांबतो.

यातून बाहेर पडायची रीत ठरलेली आहे. प्रोग्रॅम सुरू होताना, वायर लायब्ररी चालू करण्याआधी, एससीएल तारेवर हातानं नऊ ठोके द्यायचे. नऊ ठोक्यांत चिपचा अर्धवट बाइट संपतो, पुढे ‘हजर’ची दाद मिळत नाही आणि ती तार सोडते. शिवाय चिपच्या आठव्या आणि चौथ्या पिनेमध्ये, अगदी पिनांना लागून, ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. दुकानात तो ‘१०४’ म्हणूनच मागतात. व्होल्टेजचे छोटे धक्के तो झेलतो. बॅटरीवर चालवत असाल तर पहाटेच्या थंडीत तिचं व्होल्टेज मोजा. दुपारी मोजलेला आकडा पहाटे टिकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तुमच्यासारख्या बागायतदाराला सांगायला नको. डाऊनी (केवडा) रोगाचा अंदाज बांधताना पान रात्रीतून किती तास ओलं राहिलं, हीच नोंद मोलाची असते. आणि यंत्र हटकून रुसतं तेही त्याच ओल्या रात्री.

प्रश्न : मी सातपूरला राहतो, डिप्लोमाला आहे. प्रत्येक नोंद २० अक्षरांची करून २४एलसी२५६ मध्ये एकापाठोपाठ लिहितो. पहिल्या तीन नोंदी बरोबर येतात. चौथी लिहिली की ती तर तुटतेच, वर पहिलीही खराब होते. चौथीचा पहिलीशी संबंध काय?

उत्तर : संबंध आहे आणि तो अगदी हिशेबी आहे. ही चिप आतून ६४ बाइटच्या पानांमध्ये विभागलेली आहे. एका दमात लिहिताना पान संपलं तर ती पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला परत येते. तुमच्या नोंदी ०, २०, ४० आणि ६० या घरांपासून सुरू होतात. चौथीची पहिली चार अक्षरं ६० ते ६३ या घरांत बसली आणि पान संपलं. उरलेली १६ अक्षरं ० ते १५ या घरांत गेली. तिथे तुमची पहिली नोंद होती. चिप बिघडलेली नाही, तिनं नियम पाळला.

नोंद १६ बाइटची करा. ६४ला १६नं नि:शेष भाग जातो, म्हणून कुठलीच नोंद पानाच्या काठावर येणार नाही. अक्षरांऐवजी आकडेच साठवले तर आठ बाइटही पुरतात.

पुढे नोंदी मोठ्या करायचा विचार असेल तर आणखी एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. उनोवरच्या वायर लायब्ररीची झोळी ३२ बाइटची आहे. त्यातले दोन पत्त्यात जातात, म्हणजे एका वेळी डेटासाठी ३० उरतात. पान ६४चं आहे म्हणून ६४ बाइट एकदम दिलेत तर ३०च्या पुढचे गुपचूप गळतात, आणि शेवटी मिळणारा ० हा गेलेल्या बाइटांपुरताच खरा असतो. त्यासाठी राइट ही आज्ञा किती बाइट स्वीकारले ते सांगते, तो आकडा तपासावा.

दोन लेखनांच्या मध्ये किती थांबायचं, हाही प्रश्न तुम्हाला पडेलच. लिहून झाल्यावर चिप आतलं काम उरकते, त्याला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. त्या वेळात ती कुणाच्याही हाकेला ओ देत नाही. त्यामुळे ‘एकदा लिहिलं की लगेच वाचता येत नाही’ ही तक्रार बिघाडाची नव्हे, घाईची असते. सरसकट ५ मिलिसेकंद थांबा, किंवा उत्तर ० येईपर्यंत चिपचा पत्ता पुन्हा पुन्हा पुकारत राहा. दुसरी रीत जास्त चांगली, कारण चिप मोकळी झाली की लगेच कळतं.

प्रश्न : जुन्या टीव्हीतून काढलेली २४सी०२ चिप उनोला जोडली. २४एलसी२५६चाच प्रोग्रॅम वापरला. मी फक्त वाचतो, लिहीत काहीच नाही. तरी दर वेळी पहिल्या घरातला आकडा बदलतो. वाचल्यानं मेमरी बदलते का? (मालेगाव)

उत्तर : वाचल्यानं बदलत नाही, पण तुम्ही नकळत लिहिता आहात. २४सी०२ मध्ये अवघी २५६ घरं. टीव्हीमधल्या सेटिंग लक्षात ठेवायला अशा छोट्या चिपा वापरत. २५६ घरांना एका बाइटचा पत्ता पुरतो. २४एलसी२५६ मध्ये ३२,७६८ घरं आहेत, म्हणून तिला दोन बाइटचा पत्ता लागतो. साधारणपणे २४सी१६ पर्यंत एक बाइट आणि २४सी३२ पासून पुढे दोन, अशी विभागणी आहे.

तुमचा प्रोग्रॅम वाचण्याआधी पत्ता म्हणून दोन बाइट पाठवतो. समजा ७व्या घराचा पत्ता, तर ० आणि ७. छोटी चिप पहिल्या बाइटला पत्ता समजते आणि दुसऱ्याला डेटा. म्हणजे ‘घर क्रमांक ० मध्ये ७ लिही’ असा हुकूम तिला मिळतो. मग एंडट्रान्समिशन थांबण्याची खूण पाठवतं, तो शिक्का पडला की चिप लिहून टाकते. प्रोग्रॅममध्ये पत्त्याचा एकच बाइट पाठवा, हा प्रकार थांबेल. टीव्हीतल्या जुन्या सेटिंग हव्या असतील तर तोवर लेखनबंदीची पिन सप्लायला जोडून ठेवलेली बरी, पण तुमच्या चिपवर ती बंदी पूर्ण भागाला लागू होते की अर्ध्याच, ते डेटाशीटमध्ये पाहून घ्या.

प्रश्न : मी एकच मेमरी चिप लावली आहे, पत्ता ५०. पत्ते शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम मात्र ५०, ५७ आणि ६८ असे तीन दाखवतो. बाकीचे दोन कोण? (नाशिकरोड)

उत्तर : वेळ सांगणारं डीएस३२३१चं निळं मॉड्यूल तुम्ही जोडलेलं दिसतं. ६८ हा त्या घड्याळाचा पत्ता. त्याच मॉड्यूलवर बऱ्याचदा एटी२४सी३२ ही ४,०९६ बाइटची छोटी मेमरी चिप असते. तिच्या तिन्ही पत्तापिना वर जोडलेल्या असल्यानं तिचा पत्ता ५७ येतो. तिच्यात नोंदी ठेवायच्या असतील तर जरूर ठेवा, मात्र तिचं पान ३२ बाइटचं आहे हे ध्यानात असू द्या. हे सगळे पत्ते हेक्स पद्धतीचे आहेत. काही डेटाशीटमध्ये ५०च्या जागी ए० आणि ए१ लिहिलेलं आढळेल. तो दुसरा पत्ता नव्हे. वाचणं की लिहिणं हे सांगणारा शेवटचा बिट धरून मांडला की ५०चाच ए० किंवा ए१ होतो. अर्डुइनोला ५० द्यायचा.

प्रश्न : जागा कमी पडते म्हणून ८ मेगाबाइटची डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश चिप आणली. पहिल्यांदा लिहिलेलं बरोबर वाचता येतं. त्याच जागी १०च्या जागी १२ लिहायला गेलो तर ८ मिळतात. हे कुठलं गणित? (सिन्नर)

उत्तर : गणित फ्लॅशचं आहे आणि उत्तर बरोबर आहे. फ्लॅशमध्ये लिहिताना १चा ० करता येतो, ०चा १ करता येत नाही. १० म्हणजे १०१०, १२ म्हणजे ११००. दोन्हीकडे १ असलेला बिट एकच, डावीकडचा. म्हणून उरतात १०००, म्हणजे ८. नवीन लिहिण्याआधी ती जागा पुसावी लागते आणि पुसताना किमान ४,०९६ बाइटचा सेक्टर एकदम पुसला जातो. म्हणून फ्लॅशवर जुनी नोंद दुरुस्त करण्यापेक्षा नवी पुढे लिहीत जाणं सोयीचं.

या चिपला दर लेखनाआधी आणि दर पुसण्याआधी ‘लिहिण्यास परवानगी’ ही ०६ आज्ञा द्यावी लागते. एकदा देऊन भागत नाही. ही चिप वेगळ्या, एसपीआय पद्धतीनं बोलते आणि त्यात नवव्या ठोक्याची हजेरी नसते. म्हणून सुरुवातीला तिची ओळख विचारावी. ईएफ, ४०, १७ असं उत्तर आलं तर संवाद ठीक आहे. तिन्ही एफएफ आले तर बहुधा चिपकडून येणारी तार सुटली आहे किंवा चिप निवडणारी पिन चुकली आहे. तिन्ही ० आले तर ती तार कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे किंवा चिपला सप्लायच पोहोचत नाही. आणि एक सावधगिरी : ही चिप ३.६ व्होल्टपर्यंतची आहे. उनोच्या पाच व्होल्टच्या तारा तिला थेट जोडू नका, मध्ये लेव्हल शिफ्टर घाला. ‘चालतंय ना’ म्हणून तशीच ठेवलेली चिप हळूहळू बिघडते आणि मग दोष प्रोग्रॅमवर येतो.

प्रश्न : सारखं लिहून मेमरी झिजते म्हणतात. मग दर दहा मिनिटांनी लिहिणं धोक्याचं नाही का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : झिजते हे खरं, पण झीज मोजून पाहिली की भीती जाते. २४एलसी२५६चं प्रत्येक पान १० लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. दहा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६० लेखनं. अगदी एकाच घरात लिहीत राहिलात तरी १९ वर्षं जातात. नोंद आठ बाइटची असेल तर चिपमध्ये ४,०९६ नोंदी मावतात, म्हणजे २८ दिवसांत चिप भरते. मग पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली की प्रत्येक पानावर महिन्याला आठच लेखनं येतात. तुमच्या हयातीत ती झिजणार नाही.

धोका दुसरीकडे असतो. ‘पुढची नोंद कुठे लिहायची’ हा आकडा बरेच जण एकाच घरात दर सेकंदाला लिहीत बसतात. दिवसाला ८६,४०० लेखनं झाली की ते घर साडेअकरा दिवसांत आपली हमी संपवतं. हा आकडा वेगळा साठवायची गरजच नाही. प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक ठेवा आणि यंत्र सुरू होताना सर्वांत मोठा क्रमांक शोधा, पुढची जागा आपोआप कळते.

प्रश्न : ऑसिलोस्कोप नाही. मल्टिमीटरवर काय काय कळू शकतं? (पंचवटी)

उत्तर : बरंच. आधी चिपच्या आठव्या आणि चौथ्या पिनेवरच सप्लाय मोजा, बोर्डाच्या टोकाला नव्हे. तुटकी जंपर वायर इथेच सापडते. मग यंत्र स्वस्थ असताना दोन्ही तारा मोजा. आय-टू-सीमध्ये त्या सप्लायच्या जवळपास असायला हव्यात. एखादी शून्यावर असेल तर ती शॉर्ट आहे किंवा कुणीतरी धरून बसलं आहे. पाच व्होल्टच्या चिपच्या तारा ३.३ वर असतील तर पुल-अप चुकीच्या सप्लायला गेले आहेत, कारण पाच व्होल्टवरच्या चिपला ‘एक’ कळायला ३.५ व्होल्ट लागतात. सप्लाय काढून तारेपासून सप्लायपर्यंत ओहम मोजले की पुल-अप आहेत की नाहीत तेही समजतं.

वेगाच्या आणि वेळेच्या चुका मात्र मल्टिमीटरला दिसत नाहीत. त्यासाठी आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर स्वस्तात मिळतो आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर त्यावरचे बिट वाचून पत्ता, डेटा आणि नवव्या ठोक्याचं उत्तर ओळीनं लिहून दाखवतं.

यापुढे अशा शंका पाठवताना वाचकांनी चार गोष्टी आवर्जून लिहाव्यात : चिपवर छापलेला पूर्ण नंबर, तिला मिळणारं व्होल्टेज, तारांची लांबी आणि पुल-अपची किंमत. जमल्यास एंडट्रान्समिशनचा आकडाही. बऱ्याच जणांना हे लिहिता लिहिताच उत्तर सापडेल आणि पत्र टाकायची गरज उरणार नाही. त्याची आमची काही तक्रार नाही.